उशिराचे हिम आणि अंदाजाचे मोल
(व्याख्यानाचा संपादित पाठ)

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्ग येथे ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडास्पर्धांची तयारी सुरू होती, परंतु उतारांवर पुरेसे हिम नव्हते. २२ फेब्रुवारीपासून व्हावयाच्या या स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. महिनाअखेरीस एक सबळ पश्चिमी विक्षोभ हिमालयावर येऊन पोहोचला, काश्मीरच्या पर्वतरांगांवर भरपूर हिमवृष्टी झाली आणि ९ ते १२ मार्च या दिवसांत स्पर्धा पार पडल्या. त्याच हवामान प्रणालीचा प्रभाव उत्तराखंडावरही होता. २८ फेब्रुवारीच्या सकाळी बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. ५४ कामगार बर्फाखाली सापडले. त्यांपैकी ४६ जणांना वाचवण्यात यश आले आणि ८ जण मरण पावले. चंडीगढ येथील संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेने चमोलीसह उत्तराखंडातील उंचावरील भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा आदल्या दिवशीच दिला होता.

हंगामाच्या उत्तरार्धातील हिमाचा विचार करताना या दोन्ही घटना एकत्र पाहाव्या लागतात. हिम पडणार की नाही हा प्रश्न हवामानशास्त्राचा आहे. पडेल असे कळल्यावर कोणी काय करावयाचे, ते करण्याची ऐपत कोणाकडे आहे आणि चुकीचा भुर्दंड कोणावर पडतो, हे प्रश्न मात्र अर्थशास्त्राचे आहेत. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात भूगोल, पर्यावरण आणि अर्थव्यवस्था असे स्वतंत्र कप्पे असतात; पर्वतावर मात्र ते एकमेकांत मिसळलेले असतात.

हंगामाचा उत्तरार्ध वेगळा का?

काश्मिरी लोकपरंपरेने हिवाळ्याचे तीन भाग केले आहेत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, त्यापुढील वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. ही विभागणी केवळ थंडीची नाही. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेले हिम टिकते, घट्ट बसते, त्यावर पुढचे थर चढतात आणि वसंतात ते हळूहळू वितळून झेलमच्या उपनद्यांना पाणी पुरवते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर पडणारे हिम तितकेच असले तरी त्याचे आयुष्य अल्प असते. सूर्य वर आलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो, दुपारी पृष्ठभाग वितळतो व रात्री पुन्हा गोठतो. जानेवारीतील एक फूट हिम ही ठेव असते. मार्चमधील एक फूट हिम हे रोखीचे उत्पन्न असते, चार दिवसांत खर्च होऊन जाणारे.

या हिमाचा स्रोत सर्वांच्या परिचयाचा आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणारी न्यून दाबाची क्षेत्रे उपोष्ण कटिबंधातील पश्चिमी जेट प्रवाहाबरोबर पूर्वेकडे सरकतात, वाटेत कास्पियन समुद्र व अरबी समुद्राकडून बाष्प घेतात आणि हिमालयाच्या भिंतीला अडून हिम व पाऊस देतात. हिवाळ्यात महिन्याला साधारणतः चार ते सहा विक्षोभ येतात, परंतु सर्वच सबळ नसतात. पंजाब-हरियाणातील गव्हाला मिळणारा हिवाळी पाऊस याच प्रणालींचा आहे. म्हणून गुलमर्गच्या उतारांवर काय घडते, याचा देशाच्या अन्नधान्याशी दिसतो त्यापेक्षा निकटचा संबंध आहे.

अलीकडील हिवाळ्यांनी हे वेळापत्रक विस्कळीत केले. जानेवारी २०२४ मध्ये वायव्य भारतात सरासरी ३.१ मिलिमीटर पर्जन्य झाले; १९०१ पासूनच्या नोंदींतील जानेवारी महिन्याचे हे दुसरे नीचांकी मूल्य. त्या महिन्यात गुलमर्गचे पठार उघडे, तपकिरी दिसत होते. हिम आले ते महिना सरता सरता. फेब्रुवारी २०२३ मध्ये औली येथे ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धांनाही हिमाअभावी मुकावे लागले. काठमांडू येथील ‘इसिमोड’ या आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राच्या २०२५ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालय प्रदेशात हिमाचे जमिनीवर टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते. २३ वर्षांतील ते सर्वांत कमी होते आणि तुटीचे ते सलग तिसरे वर्ष होते. दुसरीकडे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने असे दाखवले की जेट प्रवाहाचे उत्तरेकडे सरकणे लांबत असल्याने पश्चिमी विक्षोभांचा हंगाम उन्हाळ्याच्या दिशेने ताणला जात आहे. हंगामाचा प्रारंभ कोरडा आणि शेवट ओला, असे चित्र वारंवार दिसू लागले तर पर्यटनाचे, पाटबंधाऱ्यांचे आणि सफरचंदाच्या बागांचे सर्वच हिशेब नव्याने मांडावे लागतील.

दीडशे मीटरचा प्रश्न

मार्चमधील हिमाचा अंदाज कठीण का असतो, हे गुलमर्गच्या उंचीवरून चांगले समजते. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोला रज्जुमार्गाचा पहिला टप्पा, जो १९९८ मध्ये सुरू झाला, प्रवाशांना ३,००० मीटरहून थोड्या अधिक उंचीवरील कोंगडोरीपर्यंत नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाने सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. वातावरणात उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सियसने घटते. याचा अर्थ, अंदाजातील तापमान एका अंशाने चुकले की हिम आणि पाऊस यांची सीमारेषा सुमारे दीडशे मीटर वर किंवा खाली सरकते. दोन अंशांनी चुकले की तीनशे मीटर.

जानेवारीत ही चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण सीमारेषा पठाराच्या पुष्कळ खाली असते. मार्चमध्ये ती नेमकी पठाराच्या आसपास घुटमळते. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच विक्षोभात, अफरवटवर कोरडे भुसभुशीत हिम, कोंगडोरीला ओले जड हिम आणि पठारावर पाऊस असे घडू शकते. पठारावरचा पाऊस आधीचे हिमही घेऊन जातो. म्हणजे ‘गुलमर्गला उद्या पर्जन्याची शक्यता’ हे विधान शास्त्रदृष्ट्या अचूक ठरूनही पठारावर पर्यटकांना घसरगाडीवर फिरवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने निरुपयोगी असते.

यात आणखी एक गुंता आहे. हवामानाची गणिती प्रारूपे प्रथम पाण्याचे प्रमाण सांगतात, हिमाची जाडी नव्हे. समजा, अंदाज २० मिलिमीटर पाण्याचा आहे. सर्वसाधारण हिशेबाने एकास दहा या प्रमाणात त्याचे २० सेंटिमीटर हिम होईल. हवा अतिशय थंड असेल तर तेच ३० सेंटिमीटर भरेल. शून्य अंशाच्या जवळपास असेल तर जेमतेम १० सेंटिमीटरचा चिखलवजा थर मिळेल. हंगामाच्या शेवटी बहुधा हा तिसरा प्रकार वाट्यास येतो. वर्तमानपत्री मथळ्यांत मात्र सर्व हिम सारखेच असते.

प्रारूपांची सूक्ष्मता हा पुढचा भाग. बारा किलोमीटरच्या जाळीवर चालणाऱ्या प्रारूपाला गुलमर्गचे पठार आणि अफरवटचे शिखर हे दोन वेगळे प्रदेश म्हणून दिसतच नाहीत. तेराशे मीटरचा चढ एकाच चौकोनात सामावून जातो आणि त्या चौकोनाची एक सरासरी उंची धरली जाते. मे २०२५ मध्ये भारतीय हवामान विभागाने सहा किलोमीटर जाळीची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित केली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत हे प्रारूप विकसित झाले आणि तेथील ‘अर्का’ या महासंगणकाने त्यासाठी लागणारी गणनशक्ती पुरवली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मान्यता दिली. कुफरी, मुक्तेश्वर, सुरकंडा देवी, जोत, मुरारी देवी, बनिहाल टॉप अशा डोंगरमाथ्यांवर डॉप्लर रडार उभे राहिले आहेत. ही प्रगती मोठी आहे. तथापि डोंगरदऱ्यांत सहा किलोमीटर हेदेखील पुष्कळ अंतर असते, आणि रडारची किरणे कड्यापलीकडच्या दरीत पोहोचत नाहीत. शेवटच्या टप्प्यावर उंचीनुसार दुरुस्ती करणारा, त्या खोऱ्याची सवय असलेला पूर्वानुमानकर्ता लागतोच.

संभाव्यतेची किंमत

अंदाज चांगला कोणता? अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ॲलन मर्फी यांनी १९९३ मधील एका निबंधात याची तीन परिमाणे सांगितली: अंदाज वर्तवणाऱ्याच्या प्रामाणिक मताशी तो जुळतो काय, प्रत्यक्षाशी जुळतो काय, आणि वापरणाऱ्याला त्याचा लाभ होतो काय. विकासाच्या चर्चेत तिसरे परिमाण निर्णायक असते, आणि दुर्दैवाने त्याचीच मोजदाद सर्वांत कमी होते.

यासाठी अर्थशास्त्रात ‘खर्च-हानी’ प्रारूप वापरतात. ते अत्यंत सोपे असून एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मार्चच्या मध्यावर एका हॉटेल-चालकाला आणखी पंधरा दिवस हॉटेल चालू ठेवावयाचे की नाही, हे ठरवायचे आहे. चालू ठेवण्याचा खर्च ६०,००० रुपये. हिम राहिले तर उत्पन्न २,००,००० रुपये, न राहिले तर शून्य. हिमाची संभाव्यता ३० टक्क्यांहून अधिक असेल तर चालू ठेवणे त्याला परवडते. आता त्याच हॉटेलसमोर पर्यटकांची घसरगाडी ओढणारा माणूस घ्या. तो गावी परतला तर शेतावर किंवा बांधकामावर पंधरा दिवसांत निश्चित ९,००० रुपये मिळवील. थांबला आणि हिम राहिले तर १२,००० रुपये, न राहिले तर काहीच नाही. त्याच्यासाठी थांबण्याची सीमा ७५ टक्के आहे. शिवाय ज्याच्या घरी शिल्लक नाही, तो सरासरीवर विसंबू शकत नाही. त्याची खरी सीमा ७५ टक्क्यांच्याही वर असणार.

अंदाज ५० टक्क्यांचा असेल तर हॉटेल-चालकाने थांबावे आणि गाडी ओढणाऱ्याने गावी जावे, हे दोन्ही निर्णय बरोबर आहेत. परंतु तोच अंदाज ‘हिमवृष्टीची शक्यता’ अशा शब्दांत सांगितला गेला, तर दोघेही थांबतील. हॉटेल-चालकाला सरासरीने ४०,००० रुपयांचा लाभ होईल आणि गाडी ओढणाऱ्याला ३,००० रुपयांचा तोटा. संख्या लपवून शब्द दिले की नुकसान नेहमी दुर्बळाच्या बाजूला झुकते. लोकांना टक्केवारी समजत नाही, असे सांगून या पद्धतीचे समर्थन केले जाते; ज्यांनी आयुष्यभर पावसाशी जुगार खेळला त्यांना शक्यता कळत नाही, हे मानणे कठीण आहे.

अंदाज ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरला म्हणून तो दुसऱ्याला कमी पडत नाही आणि एकदा जाहीर झाल्यावर कोणाला त्यापासून दूर ठेवता येत नाही. म्हणून बाजारपेठ तो पुरेशा प्रमाणात निर्माण करणार नाही आणि शासनाने तो पुरवावा, हे पाठ्यपुस्तकातील उत्तर योग्यच आहे. मात्र अंदाजाचा उपयोग करून घेण्याची क्षमता ही सार्वजनिक वस्तू नाही. ती खासगी आहे आणि तिचे वाटप अत्यंत विषम आहे. मोठ्या व्यवसायाला आरक्षणाच्या तारखा बदलता येतात, कर्मचारी अन्यत्र हलवता येतात, कर्ज मिळते. घोडेवाला, किरायाने स्की देणारा, हंगामी प्रशिक्षक यांच्या हातात यांतले काहीच नसते. माणा येथे इशारा होता. लोखंडी कंटेनरांत राहणाऱ्या मजुरांनी रातोरात जावे कोठे, हा प्रश्न त्या इशाऱ्याच्या कक्षेबाहेरचा होता.

चुकीच्या घंटेची किंमत

हिमस्खलनाच्या बाबतीत हिशेब अधिक कठोर होतो. १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झालेली हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये अन्य एका प्रयोगशाळेत विलीन होऊन वर उल्लेखिलेली आस्थापना झाली. मूळ हेतू सैन्याच्या संरक्षणाचा होता, आणि तो किती आवश्यक होता हे फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ लष्कराच्या प्रशिक्षणार्थींवर कोसळलेल्या हिमस्खलनाने पुन्हा दाखवून दिले. आज पर्यटकही त्याच उतारांवर असतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवट परिसरात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू दगावला. या दुसऱ्या अपघाताची पार्श्वभूमी लक्षणीय आहे. कोरड्या जानेवारीनंतर उशिरा भरपूर हिम आले होते. पातळ, दीर्घकाळ थंडीत राहिलेल्या जुन्या थराचे स्फटिक सुटे होतात. त्यावर अचानक जड थर आला तर तो नीट बसत नाही. कोरडा प्रारंभ आणि उशिराचे मोठे हिम हा क्रम म्हणूनच केवळ गैरसोयीचा नव्हे, तर धोक्याचा असतो. आणि नेमक्या याच वेळी हंगाम वाया गेलेल्या प्रत्येकाला उतार लवकरात लवकर खुले व्हावेत असे वाटत असते.

रज्जुमार्गाचा वरचा टप्पा एक दिवस बंद ठेवला आणि हिमस्खलन झाले नाही, तर बुडालेले उत्पन्न सर्वांना दिसते. बंद ठेवल्यामुळे जो अपघात घडला नाही, तो कोणालाच दिसत नाही. परिणामी ‘चुकीची घंटा वाजवली’ अशी टीका होते आणि पुढच्या वेळी निर्णय घेणारा हात आखडता घेतो. अपघाताची हानी एका दिवसाच्या उत्पन्नाच्या कित्येक पट असल्याने, खर्च-हानी प्रारूपानुसार अल्पशा संभाव्यतेलाही बंद करणेच योग्य ठरते. म्हणजे दहापैकी आठ वेळा घंटा ‘चुकीची’ ठरली तरी धोरण बरोबर असू शकते. यासाठी उतार बंद करण्याचा अधिकार आणि तिकीटविक्रीचे उद्दिष्ट एकाच यंत्रणेकडे असू नये. यावर असा आक्षेप घेतला जातो की वेगळी यंत्रणा जबाबदारीच्या भीतीने सर्वच दिवस बंद ठेवील. आक्षेपात तथ्य आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवून हंगामाच्या अखेरीस ती प्रसिद्ध करणे.

कृत्रिम हिम हा उपाय वारंवार सुचवला जातो. जानेवारी २०११ मधील दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत हिमनिर्मितीची यंत्रे बसवण्यात आली होती. परंतु अशा यंत्रांना भरपूर पाणी, वीज आणि शून्याच्या दोन-तीन अंश खालचे, आर्द्रता जमेस धरलेले तापमान लागते. हिम कमी पडते ते बहुधा हवा उबदार असते तेव्हाच. म्हणजे गरज आणि शक्यता यांची वेळ जुळत नाही. जोशीमठच्या भूस्खलनग्रस्त उतारावर आणखी पाणी खेळवण्याचा विचार तर २०२३ नंतर अधिकच जपून करावा लागेल.

मग उरतो जोखीम वाटून घेण्याचा मार्ग. अमेरिकेतील एका मोठ्या स्की-कंपनीने २००८ पासून हंगामापूर्वीच स्वस्त हंगामी पास विकण्यास सुरुवात केली. ग्राहकाला सवलत मिळाली आणि हिमाची जोखीम काही अंशी त्याच्याकडे सरकली. भारतात जून २०२५ मध्ये एनसीडेक्स या वस्तुविनिमय बाजाराने भारतीय हवामान विभागाशी पावसावर आधारित वायदे विकसित करण्यासाठी सामंजस्य करार केला. हिमासाठीही अशी निर्देशांकाधारित विमा योजना कल्पिता येते: ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक जाडीचे हिम न पडल्यास हंगामी कामगारांच्या खात्यात ठरलेली रक्कम आपोआप जमा व्हावी, पंचनामा नको, अर्ज नको. अशा योजनेला दीर्घकाळाच्या विश्वासार्ह नोंदी लागतात, कारण त्यांवाचून हप्ता ठरवता येत नाही. हिमालयात उंचावरील मोजणी केंद्रे विरळ आहेत आणि बहुतेक जुन्या नोंदी खोऱ्यांच्या तळाच्या आहेत.

त्यातही मोजपट्टी कोठे रोवायची, हा प्रश्न राहतोच. ती पठारावर रोवली तर मार्चमधील पावसाच्या दिवशी ती शून्य दाखवील आणि कोंगडोरीच्या उतारावर त्या दिवशी व्यवसाय जोरात चालला असला तरी विम्याची रक्कम द्यावी लागेल. कोंगडोरीला रोवली तर तेथे हिम भरपूर दिसेल, विमा कंपनी एक रुपयाही देणार नाही, आणि खाली पठारावर, चिखलात, घसरगाडीवाला रिकामा उभा असेल. दोन ठिकाणांमधील उंचीचा फरक साडेतीनशे-चारशे मीटर, म्हणजे अंदाजातील दोन-अडीच अंशांचा आहे.